सर्व्हर सुरू होताना काय सांगतो, ते गाळायचे नियम कोण सांभाळतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या जिल्हा पानावर 'सर्व्हर बंद, खातेदार ताटकळले' अशी चार ओळींची बातमी अधूनमधून येतेच. कधी एखादी पतसंस्था असते, कधी सेवा सोसायटी, कधी रुग्णालय. कारणही ठरलेलं असतं. वीज गेली, परत आली आणि मशीन चालू झालं नाही. मी सांगलीत एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात बरीच वर्षं काम करते. अशी बातमी वाचली की मला वाटतं, हे मशीन त्या दिवशी एकाएकी गेलेलं नसावं. आधी कित्येकदा चालू होताना त्यानं आपलं दुखणं सांगितलेलं असावं आणि ते कुणाच्या कानावर गेलं नसावं. ते का जात नाही, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. तपशील द्यावे लागतील, म्हणून जागा जरा जास्त मागते. माझं नाव कृपया छापू नये. पुढं ज्या संस्थेबद्दल लिहिलं आहे, ती त्यावरून सहज ओळखू येईल.

लिनक्सवरचा सर्व्हर सुरू होताना शेकडो ओळी लिहून ठेवतो. मेमरी किती सापडली, डिस्क कोणत्या, नेटवर्क कार्ड कोणतं, कोणतं पार्टिशन (डिस्कचा भाग) कसं जोडलं, कोणती सेवा उठली आणि कोणती नाही. या सगळ्याला आपण लॉग म्हणतो. रोज एवढं वाचणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून फिल्टर लावतात. आपल्याकडच्या बऱ्याच डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर त्यासाठी लॉगचेक नावाचा प्रोग्रॅम असतो. तो दर तासाला, तास उलटून दोन मिनिटांनी, लॉगमधल्या नव्या ओळी वाचतो. मशीन बंद होऊन चालू झालं की लगेच एकदा वेगळा चालतो आणि त्या मेलच्या विषयात 'रीबूट' असं लिहितो. त्याच्याकडे नियमांच्या फाइली असतात. नियमात बसणारी ओळ तो सोडून देतो आणि उरलेली सगळी मेलमध्ये घालून पाठवतो.

या पद्धतीतली खरी हुशारी 'उरलेली सगळी' यात आहे. कोणती ओळ धोक्याची, हे आधीपासून कुणालाच पूर्ण माहीत नसतं. म्हणून धोक्याची यादी करत बसायचं नाही. रोजच्या, निरुपद्रवी, ओळखीच्या ओळींची यादी करायची आणि अनोळखी जे येईल ते माणसापुढं ठेवायचं. अमेरिकेतले संगणक सुरक्षा तज्ज्ञ मार्कस रॅनम यांनी १९९७ साली हा विचार मांडला होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. पण तो टिकतो त्या यादीवर. यादी ढिली झाली की सगळंच ओळखीचं ठरतं.

मिरज तालुक्यातल्या एका संस्थेनं मला बोलावलं होतं. सकाळी वीज आली आणि सर्व्हर अर्ध्यावरच थांबला होता. त्या मशीनमध्ये दोन डिस्क मिरर करून लावल्या होत्या, म्हणजे जे एकीवर लिहिलं जाईल ते दुसरीवरही. एक गेली तरी काम चालू राहावं, यासाठी ही सोय. एक डिस्क पूर्ण मेलेली होती आणि दुसरीनंही वाचताना चुका द्यायला सुरुवात केली होती. सचिव म्हणाले, "ताई, काल संध्याकाळपर्यंत अगदी व्यवस्थित चालू होतं बघा." त्यांचं म्हणणं खरंच होतं. मिररचं काम तेच आहे. एक डिस्क गेली तरी वापरणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या डिस्कवरून जुना लॉग मिळाला तो मी त्यांच्यासमोर बसून वाचला. मशीन सुरू होताना मिररबद्दल एक ओळ येते. सगळं ठीक असेल तर 'अॅक्टिव्ह विथ २ आउट ऑफ २ मिरर्स'. या मशीनवर दिवाळीनंतरच्या प्रत्येक सुरुवातीला लिहिलेलं होतं, 'अॅक्टिव्ह विथ १ आउट ऑफ २ मिरर्स'. म्हणजे दोनपैकी एकच डिस्क जिवंत आहे. हिवाळाभर, उन्हाळाभर, वीज गेली की तीच ओळ. एकही मेलमध्ये नव्हती.

मग मी फिल्टरची फाइल उघडली. त्यात त्यांच्या जुन्या देखभाल करणाऱ्यानं घातलेला एकच नियम होता. तारीख, वेळ, मशीनचं नाव, पुढं 'कर्नल' (लिनक्सचा गाभा, हार्डवेअर सांभाळणारा भाग) आणि त्याच्यापुढं टिंब आणि तारा. या नियमांच्या भाषेत टिंब-तारा म्हणजे 'इथं काहीही असलं तरी चालेल'. थोडक्यात, कर्नल जे काही बोलेल ते सगळं गाळून टाक. वर एका शब्दाची टीप नाही. कधी घातला, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, काही नाही.

त्या माणसाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मला तसं करायचं नाही. ऑफिसातल्या ऑपरेटर मुलीनं मला सांगितलं, "मॅडम, मशीन नवीन केल्यावर पानंच्या पानं मेल यायला लागले. साहेब चिडले, म्हणून त्यांनी ते बंद करून दिलं." साहेबांना शांतता हवी होती, ती मिळाली. नियम नीट बसवायला लागणाऱ्या वेळाचे पैसे करारात कुठंच नव्हते. मिरर सांभाळणारा एमडीएडीएम हा प्रोग्रॅम डिस्क गेल्याचं मेल स्वतःहून वेगळं पाठवतो. पण मूळ सेटिंगमध्ये ते 'रूट'च्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावानं मशीनच्या आतच जातं. ते बाहेर वळवून घ्यायचंही कुणाच्या यादीत नव्हतं. बॅकअप होता, पण थोडा शिळा. मधल्या दिवसांच्या पावत्या त्या मुलीला आणि कॅशियरना हातानं पुन्हा भराव्या लागल्या. खातेदारांना त्या आठवड्यात पासबुकं भरून मिळाली नाहीत.

ते पानंच्या पानं मेल कुठून आले, हे सचिव मंडळींनी समजून घेतलं पाहिजे, कारण प्रत्येक संस्थेत ही वेळ येते. डेबियनची ११ वी आवृत्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली, १२ वी जून २०२३ मध्ये, १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, मशीन कधी ना कधी वर न्यावंच लागतं आणि दर वेळी ओळींचं रूप बदलतं. १२ व्या आवृत्तीत लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगनं तारीख लिहायची पद्धतच बदलली. आधी महिन्याचं तीन अक्षरी नाव, तारीख आणि वेळ असायची. आता वर्षापासून सुरू होणारा, सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंतचा बत्तीस अक्षरांचा शिक्का येतो. जुने घरचे नियम सगळे महिन्याच्या नावापासून सुरू होणारे. नवी तारीख आली की त्यातला एकही लागू पडत नाही आणि वर्षानुवर्षं गाळलं जाणारं सगळं एका रात्रीत मेलमध्ये येऊन पडतं.

तारखेचं तरी एकदा सुधारलं की भागतं. ओळींचा मजकूर मात्र हळूहळू सरकत राहतो. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीची) पार्टिशन जोडल्याची ओळ घ्या. ११ व्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये तिच्या शेवटी 'ऑप्ट्स: नल' असायचं. १२ मध्ये ते जाऊन 'कोटा मोड: नन' आलं. १३ मध्ये मधेच पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक आणि 'आर/डब्ल्यू' अशी अक्षरं घुसली. अर्थ तिन्हींचा एकच आहे, पार्टिशन व्यवस्थित जोडलं. पण अक्षर न् अक्षर पडताळणाऱ्या फिल्टरसाठी त्या तीन वेगळ्या ओळी आहेत. त्यात कर्नल प्रत्येक ओळीआधी चौकटी कंसात सुरुवातीपासूनचे सेकंद टाकतो, प्रोसेसरच्या घड्याळाचा मोजलेला वेग दर वेळी दशांशात थोडा वेगळा येतो, यूएसबी उपकरणांचे क्रमांक पुढंमागं होतात. सुरुवातीच्या ओळींचे नियम इतर नियमांपेक्षा लवकर शिळे होतात ते यामुळे. डेबियनचे स्वयंसेवक लॉगचेकबरोबर नियमांचा मोठा संच देतात आणि त्यांचे कष्ट खरोखर मोठे आहेत. पण तुमच्या मशीनमधलं हार्डवेअर त्यांच्यासमोर नसतं. तो शेवटचा भाग ज्याचं मशीन त्यानंच करायचा असतो.

यावर मला हमखास विचारलं जातं, की एवढी उठाठेव कशाला? संदेशांना आठ पातळ्या असतात, शून्य ते सात. 'एरर' आणि त्याहून गंभीर तेवढं दाखवा, बाकी सोडा. सांगलीकरांना हे पटकन पटतं, कारण आयर्विन पुलापाशी आपण तेच करतो. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका आणि त्याखाली सगळे निवांत. पण नदीला एकच मोजपट्टी आहे आणि ती खरं बोलते. संदेशांच्या पातळ्या ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीनं लावलेल्या असतात. 'दोनपैकी एकच डिस्क चालू' ही ओळ 'एरर' पातळीवर येतच नाही, ती साध्या 'माहिती'च्या पातळीवर येते. उलट 'एसीपीआय बायोस एरर' अशी घाबरवणारी ओळ कितीतरी मशीनवर रोज 'एरर' म्हणून येते आणि ती बहुतेक वेळा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या ढिलाईची असते, मशीन त्याच्यासकट वर्षानुवर्षं चालतं. पातळीवर विसंबलात तर रोज नको ते वाचाल आणि हवं ते कधीच दिसणार नाही.

आणखी एक ओळ सांगते, कारण आपल्या भागात ती सगळ्यात मोलाची आहे. 'रिकव्हरी कम्प्लीट'. वाचायला शुभवार्ता वाटते, तीही 'माहिती'च्या पातळीवर येते. अनेक जण तिला निरुपद्रवी समजून गाळायच्या यादीत टाकतात. पण ती येते केव्हा? मशीन नीट बंद न होता एकदम विझलं आणि पुढच्या वेळी फाइल सिस्टिमला आपली अर्धवट राहिलेली नोंद पुरी करावी लागली, तेव्हा. तुमच्याकडे यूपीएस आहे, त्यात मशीन आपोआप बंद करायची सोय आहे, तरीही वीज गेल्यावर ही ओळ दिसते, याचा अर्थ यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या आहेत किंवा ती सोय चालत नाही. बॅटरी तपासायला कुणी न येताही मशीन तुम्हाला हे फुकट सांगतं. त्याच वेळी जर्नलकडूनही (लिनक्सचा स्वतःचा लॉग ठेवणारा भाग), आधीची फाइल नीट बंद झाली नव्हती म्हणून बाजूला ठेवली, अशी ओळ येते. या दोन्हींवर नियम करू नका. मी स्वतः करत नाही आणि कुणाला करू देत नाही.

मग नियम कसा करावा? मिररचंच उदाहरण घेते. घाईत लिहिणारा माणूस आकड्यांच्या जागी 'कोणताही आकडा' असं लिहितो, 'कोणताही आकडा आउट ऑफ कोणताही आकडा'. दिसायला व्यवस्थित नियम, पण त्यात २ पैकी २ ही बसतं आणि २ पैकी १ ही बसतं. इथं आकडा मोकळा सोडायचाच नाही. २ आउट ऑफ २ असं सरळ लिहायचं. मग ज्या दिवशी तिथं १ येईल त्या दिवशी ती ओळ नियमात बसणार नाही आणि आपोआप मेलमध्ये येईल. सेकंद, उपकरण क्रमांक, घड्याळाचा वेग यांचे आकडे बदलणारच, ते मोकळे ठेवा. ज्या आकड्याला अर्थ आहे तो बांधून ठेवा. कोणता कुठला, हे मशीनच्या मालकाला कळतं, प्रोग्रॅमला नाही.

तरुण मुलं अडकतात अशी एक बारीक गोष्ट आहे. नियमाच्या फाइलच्या नावात टिंब असलं तर लॉगचेक ती फाइल वाचतच नाही आणि कुठं तक्रारही करत नाही. सवयीनं 'कॉन्फ' किंवा 'टीएक्सटी' जोडलं की झालं. नियम बरोबर असूनही मेल थांबत नाही, मग वैतागून टिंब-तारा घातला जातो आणि तोही चुकून दुसऱ्या, वाचल्या जाणाऱ्या फाइलीत. आपल्या घरच्या नियमांच्या फाइलचं नाव 'लोकल' आणि मधली रेघ असं सुरू करायचं, म्हणजे पॅकेज वर नेताना ती डेबियनच्या फाइलींत मिसळत नाही. आणि नियम घालण्यापूर्वी लॉगचेक-टेस्ट या हत्यारानं तो खऱ्या लॉगवर चालवून बघायचा. किती ओळी अडकल्या आणि त्या हव्या त्याच आहेत का, हे तिथंच दिसतं.

अजून एका गोष्टीबद्दल मला खरोखर काळजी वाटते. काही ठिकाणी मेल कमी करायला ओळ लॉगमध्ये लिहिण्याआधीच टाकून देतात, आरसिसलॉगमध्येच तसा नियम घालून. हे कृपया करू नका. लॉगचेक फक्त तुमच्यापुढं काय ठेवायचं ते ठरवतो, मूळ लॉगला हात लावत नाही. मिरज तालुक्यातल्या त्या संस्थेत मला दिवाळीपासूनच्या ओळी सापडल्या त्या यामुळेच. लिहिण्याआधीच फेकलेली ओळ पुन्हा कुठंच मिळत नाही. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. उद्या कुणी मागितले तर अर्धे लॉग आम्हीच लिहू दिले नाहीत, हे उत्तर चालणार नाही.

आता संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती. तुमच्या वार्षिक देखभाल करारात टोनर, माउस, अँटिव्हायरस सगळं असतं. त्यात एक ओळ घाला: दर अपग्रेडनंतर सुरुवातीच्या संदेशांचे फिल्टर नियम तपासून, बदललेले नियम कारणासह लेखी द्यायचे. त्याचे पैसे वेगळे द्या, ते काम फुकटात होण्यातलं नाही. प्रत्येक नियमाच्या वर तारीख, कुणी घातला, कोणत्या उपकरणासाठी आणि ती ओळ निरुपद्रवी का, एवढं लिहिलेलं असू दे. नियमाच्या फाइलीत तशी टीप लिहिता येते. डिस्क किंवा कार्ड बदललं की त्याचे जुने नियम काढून टाकायला लावा. मेलेल्या हार्डवेअरचे नियम तसेच राहिले तर एखाद्या दिवशी भलतीच ओळ त्यात अडकते. आणि ते मेल एकट्या सचिवांना न पाठवता, जो माणूस ती ओळ समजू शकतो त्यालाही जाऊ दे. मेल शांत आहे म्हणजे मशीन ठीक आहे, असं कुणी धरून चालू नये.

आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या मास्तरांनाही सांगावंसं वाटतं. मुलं माझ्याकडे इंटर्नशिपला येतात, क्लाउड आणि एआयबद्दल भरभरून बोलतात आणि आपल्याच मशीनचा सुरुवातीचा लॉग त्यांनी कधी वरपासून खालपर्यंत वाचलेला नसतो. एक प्रात्यक्षिक ठेवा. मिररमधली एक डिस्क काढून घ्या, मशीन चालू करा आणि काय बदललं ती ओळ मुलांना शोधायला लावा. ज्यानं ती एकदा स्वतः शोधली तो पुढं टिंब-तारा घालताना थांबेल, याची मला खात्री आहे.

आणि शेवटी अगदी करण्याजोगं. मेअखेरच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, पाऊस आणि वीजकपात सुरू होण्याआधी, बॅकअप घेऊन तुमचा सर्व्हर स्वतःहून बंद करून चालू करा. देखभाल करणाऱ्याला समोर बसवा, 'रीबूट' विषयाचं मेल उघडायला सांगा आणि प्रत्येक ओळीला हे काय, असं विचारा. मेल पूर्ण कोरं आलं तर 'लोकल' नावाच्या फाइली उघडायला सांगा आणि त्यात 'कर्नल'पुढं टिंब-तारा कुठं आहे का, ते बघा. असेल तर त्याच बैठकीत तो काढा, मशीन पुन्हा एकदा चालू करा आणि जे काही मेलमध्ये येईल ते सगळं वाचा.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली